दोघे घारे, मी काळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धाकट्या भावाला नाही. आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? — तुमची-माझी ओळख नाही, बहुधा म्हणूनच. हळहळू नका, मध्ये काही बोलू नका. नुसतं ऐका.

गोष्ट डोळ्यांच्या रंगाची आहे.

गिरगावातल्या आमच्या चाळीत आम्हाला 'घाऱ्यांचं बिऱ्हाड' म्हणत. वडील घारे, आई घारी, धाकटा तर अगदी मांजराच्या डोळ्यांचा. तिघेही गोरे. आणि मी सावळा, डोळे काळेभोर. पाहुणे आले की एखादी मावशी माझी हनुवटी वर करायची. "अगंबाई, हा कुठनं आला गं?" आई पोहे परतता परतता म्हणायची, "बोहारणीकडून घेतला, दोन जुन्या लुगड्यांवर." सगळे हसायचे. मीही हसायचो, तेव्हा त्यात काही बोचण्यासारखं वाटत नसे.

वडील गोदीत कारकून होते. मी कॉलेजात असतानाच ते गेले. त्यांचे एकुलते एक जिवलग म्हणजे अण्णा. मूळचे मालवणकडचे, आधी गोदीत वडिलांबरोबर, मग लालबागच्या एका गिरणीत. लग्न केलं नव्हतं. वडील असताना दर रविवारी सकाळी यायचे आणि ते गेल्यावरही रविवार चुकला नाही. ट्रामने येत, हातात खाज्याचा पुडा. बाकावर बसून आईला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे, पेपरात दुसरं काही नसेच. आई चिडून मध्येच म्हणायची, "मुंबई देत नाहीत म्हणजे काय? त्यांच्या बापाची आहे?" अण्णा खो खो हसायचे. वडिलांमागे आई आठवड्यातून एकदाच हसायची — रविवारी.

अण्णा सावळे होते. डोळे काळेभोर.

तुमच्या आलं ना लक्षात? माझ्या पंचविशीपर्यंत आलं नव्हतं. येणार कसं? नुसते डोळे म्हटले तर अर्ध्या मुंबईचे काळे आहेत. पण मी कॉलेजात जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर झालो, आणि एके दिवशी आनुवंशिकतेचा धडा माझ्या वाट्याला आला. पुस्तकात सरळ नियम होता. काळा रंग वरचढ, घारा दबणारा. दोघे काळे असले तरी मूल घारं निघू शकतं; पण दोघे घारे असले तर मूल घारंच. फळ्यावर चौकोन आखला, त्यात चार घरं केली आणि चारही घरांत लिहिलं — घारे, घारे, घारे, घारे. खडू हातातच राहिला. माझ्यासाठी त्यात घरच नव्हतं.

घंटा झाली, मुलं गेली. मी तिथेच उभा.

त्या दिवसापासून सगळं वेगळं दिसायला लागलं. अण्णा मला 'झिला' म्हणायचे. "काय रे झिला, जेवलंस?" मी डिक्शनरीवाला माणूस — मालवणीत झील म्हणजे मुलगा, एवढं ठाऊक होतं. भावाला ते नावाने हाक मारत. मलाच का झिला? वडील गेले तेव्हा अण्णा धाय मोकलून रडले होते, ते का? आईच्या हसण्याचाही मी हिशेब मांडला. शी! स्वतःच्या आईच्या हसण्याचा.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण पळवाट इथेच होती आणि ती मीच बुजवली.

त्या धड्यानंतर मुलांना एक काम देत असत. घरातल्या माणसांच्या डोळ्यांचे रंग कागदावर लिहून आणायचे. एका मुलीने लिहून आणलं — वडील घारे, आई घारी, थोरला भाऊ काळा. मी म्हटलं, चुकलं तुझं, नीट बघून ये. दुसऱ्या दिवशी ती तोच कागद घेऊन आली. "सर, उजेडात नेऊन बघितलं. दोनदा. काळेच आहेत." मुलगी हुशार होती, खोटं बोलणारी नव्हती. म्हणजे माझ्या हातात काय होतं? नियम चुकतो याचा पुरावा होता. माझ्या आईच्या बाजूने साक्ष द्यायला ती पोर आपण होऊन चालत आली होती, आणि मी काय केलं — लाल पेन्सिलीने भावापुढचं 'काळा' खोडलं आणि 'घारा' लिहिलं.  ती कागद घडी करून घेऊन गेली.

का केलं? पुस्तकावर विश्वास होता म्हणून? नाही हो. मला तोवर राग धरायची सवय झाली होती, आणि तो राग मला सोडवत नव्हता.

पुढच्या शनिवारी दुपारी मी लालबागला गेलो. अण्णांच्या खोलीत बायकापोरांची गर्दी, मोर्चासाठी फलक रंगवणं चाललेलं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना गॅलरीत बोलावलं आणि म्हणालो, "आईने निरोप दिलाय. तुम्ही आता येऊ नका. चाळीत लोक बोलतात."

आईने असला काही निरोप दिला नव्हता. चाळीतलं कुणी चकार शब्द बोललं नव्हतं.

अण्णांच्या बोटांना तांबडा रंग लागला होता, तो ते धोतराला पुसत राहिले. मग एवढंच विचारलं, "वहिनी म्हणाली? सोता?" मी म्हटलं, हो. ते आत गेले, रविवारसाठी आणून ठेवलेला खाज्याचा पुडा घेऊन आले. "ह्यां वहिनीक दी." तो पुडा मी ट्रामच्या स्टॉपवर उभ्या उभ्या संपवला, एकही तुकडा घरी नेला नाही. कागद गटारात टाकला.

रविवारी आईने दोन कप मांडले. पुढच्या रविवारीही. शहरात गोळीबार, लाठीमार, कर्फ्यू. ती घाबरली. जा रे, बघून ये, काही बरंवाईट तर नाही ना? मी जातो म्हणून बाहेर पडायचो, चौपाटीवर तासभर बसून परत यायचो. बरे आहेत, कामात आहेत, एवढं सांगायचो. तिसऱ्या महिन्यात तिने दुसरा कप मांडायचं सोडलं. राज्य झालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले, तेव्हा एका वाटीत तिने दोन पेढे झाकून ठेवले. "आज तरी येतील," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते भावाने खाल्ले.

अण्णा नंतर गावी गेले आणि काही वर्षांनी तिकडेच वारले. बातमी मीच आईला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "एकदा भेटले असते तर विचारलं असतं — आमचं काय चुकलं?" मी समोर बसलो होतो, दोन हातांच्या अंतरावर. तेव्हा बोलता आलं असतं. मी पाणी प्यायला उठलो.

आई गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीच्या सुमाराला, हाताखालच्या एका तरुण प्राध्यापिकेने तोच धडा माझ्यासमोर शिकवला. म्हणाली, तो जुना नियम विसरा. डोळ्यांचा रंग एका जनुकावर ठरत नाही. त्वचेचा तर अजिबात नाही. एकाचा घारेपणा एका जनुकातल्या उणिवेचा, दुसऱ्याचा दुसऱ्याच जनुकातल्या. मुलात दोन्हीकडची धड जनुकं एकत्र आली की डोळे काळे. कमी वेळा होतं, पण होतं. आपल्या किनाऱ्यावर तर हजारो वर्षं माणसं येऊन मिसळलीत, एकाच घरात सगळे रंग निघायचेच. पोरं वहीत उतरवून घेत होती. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो.

त्याच सुमाराला कामानिमित्त लालबागला गेलो. पत्ता सापडेना. एका दुकानाच्या फळीवर बसलेला पार म्हातारा माणूस मला — साठीला टेकलेल्या, टक्कल पडलेल्या मला — हाक मारून म्हणाला, "काय रे झिला, खंय जातंस?" शेजारून एक पोरगा सायकल ढकलत गेला, त्यालाही तसंच. "बाजूक हो रे झिला." तिथे सगळेच झिला. आणि धाकट्याला अण्णा नावाने का हाक मारत, तेही तेव्हाच आठवलं. त्याला झिला म्हटलेलं आवडत नसे, लहानपणी रडायचा. हे मला माहीत होतं. कायमच माहीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, पुस्तकच चुकीचं होतं, त्याला तुम्ही काय करणार? बरीच वर्षं मीही स्वतःशी हेच म्हणायचा प्रयत्न केला. पण त्या मुलीचा कागद माझ्या हातात होता. आणि समजा पुस्तक बरोबर असतं — समजा अण्णाच माझे वडील असते? तर मग मी एका बापाला त्याच्या मुलाच्या दारातून हाकललं असतं, आणि आईचा रविवार तरीही मीच घेतला असता.

वडील कोण, हा प्रश्न आता मला पडत नाही. अण्णांना खोटं मी सांगितलं. आई विचारत होती, काय चुकलं — तिचं काही चुकलं नव्हतं, अण्णांचंही नाही. ते मला ठाऊक होतं आणि मी पाणी प्यायला उठलो.