एकोणीस वेळा 'नाही'

पोलीस खात्यात सव्वीस वर्षं काढली. खून, दरोडे, घरफोड्या सगळं झालं, पण अजून छाती धडधडते ती दोह्यातल्या एका दुपारच्या आठवणीने. त्या केसमध्ये रक्ताचा थेंब नव्हता, हत्यार नव्हतं, फरारी आरोपी नव्हता. होता फक्त एक चार पानी फॉर्म. तरी सांगतो, तसा थरार मला रात्रीच्या नाकाबंदीतही कधी वाटला नव्हता.

नावं कुणाचीच देणार नाही. त्यातले लोक अजून आपापल्या घरी नांदत असतील.

दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं उलटली असतील. पोलीस निरीक्षक पदावरून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कतारला, दोह्यातल्या एका विमा कंपनीत दावे तपासायच्या कामावर रुजू झालो. वर्दी गेली, खोड गेली नाही. ठाण्यात स्टेशन डायरी असते तशी मी टेबलावर एक वही ठेवली होती. कोण आलं, किती वाजता आलं, काय बोललं, सगळं त्यात नोंदवायचो. ऑफिसातली पोरं हसायची. पण दोन वर्षांत एकही धड केस हाती लागली नव्हती आणि मला अगदी गंज चढला होता.

आमच्या कंपनीचा एक विमा असा होता की कर्मचारी आजाराने किंवा अपघाताने कामातून उठला, तर साठाव्या वर्षापर्यंत पगाराचा काही हिस्सा त्याला दर महिन्याला मिळायचा. त्यात एक मेख होती. त्या माणसाला सरकारकडून अपंगत्वाची पेन्शन मिळत असेल, तर तेवढी रक्कम विम्यातून वजा व्हायची. आधी सरकारचं, मग कमी पडेल ते आमचं. ऐकायला हे कद्रूपणाचं वाटतं, पण विम्याचा हप्ता त्याच हिशेबाने कमी ठेवलेला असतो, त्यामुळे त्यात लबाडी नाही. लबाडी असते ती पेन्शन लपवण्यात, आणि ती हुडकायलाच मला ठेवलं होतं.

एका सकाळी दावे विभागातल्या बाई माझ्या टेबलापाशी आल्या. बाई वसईच्या, बोलायला मोजक्या आणि कामाला चोख.

"सर, एक फोन होता. नाव नाही सांगितलं, हिंदीत बोलत होता," त्या म्हणाल्या. "अल वक्र्याला तो आपला बॅक इंज्युरीवाला क्लेमंट आहे ना, तो इंडियाची डिसेबिलिटी पेन्शन पण घेतो म्हणे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला करून पाठवतो."

पेन्शनवाला माणूस जिवंत आहे, याचा दरवर्षी द्यायचा कागद म्हणजे हयातीचा दाखला. मी उडी मारूनच फाइल काढली. सरकारकडून अपंगत्वाची पेन्शन मिळते का, असा स्वच्छ प्रश्न फॉर्मवर होता आणि पुढे टाइप केलेलं उत्तर होतं, नाही. माझे कान तापले. सापडला, म्हटलं.

फोन कुणी केला ते कधीच कळलं नाही. निनावी खबर देणारा बहुतेक वेळा जवळचाच निघतो, आणि त्याला शोधत बसलं की खबर शिळी होते. मी तासाभरात दोह्याबाहेरच्या अल वक्र्याला पोचलो.

क्लेमंट, म्हणजे दावा करणारे, होते साताऱ्याकडचे, लष्करातले निवृत्त हवालदार. लष्कर सोडल्यावर बारा वर्षं त्यांनी इथे एका बांधकाम कंपनीत काढली होती. मग परांचीवरून पडले आणि पाठीचा कणा गेला. पाव तासाच्या वर बसवत नव्हतं, उभं राहायची तर बातच नको. तळमजल्याच्या दोन खोल्यांत नवराबायको राहत होते. बांधाबांध चालू होती, कारण पुढच्या आठवड्यात दोघं कायमचे गावी निघाले होते. विम्याचे पैसे गावी मिळणार होते आणि त्यावरच त्यांचं सगळं चालायचं होतं.

चौकशीचा माझा एक नियम होता. गुन्ह्याचं शेवटी विचारायचं. आधी गाव, पीकपाणी, लष्करातलं जेवण. हवालदार पलंगावर पडून उत्तरं देत होते, पण एकेक प्रश्न मला दोनदा विचारावा लागत होता. उत्तर जुळवायला वेळ काढतोय लेकाचा, अशी मी मनात खूणगाठ बांधली. मग एकदम टाकलं.

"सरकारी पेन्शन मिळते का तुम्हाला? अपंगत्वाची?"

"मिळती की," हवालदार म्हणाले आणि बायकोला हाक मारली. "अगं, ट्रंकेतली ती पिशवी आण."

पिशवीतून पेन्शनचा हुकूम निघाला, हयातीच्या दाखल्याची प्रत निघाली. माझा आनंद गगनात मावेना.

"मग कंपनीला का नाही सांगितलं?"

"कंपनीनं कवा इचारलं?"

"फॉर्मवर विचारलंय. तुम्ही 'नाही' म्हणून लिहिलंय."

हवालदारांनी जरा आठवून पाहिलं. "आसंल मग," ते म्हणाले.

माझ्या लेखी ही कबुली झाली. मी तिथेच मांडीवर पॅड घेऊन सराईत हाताने जबाब लिहून काढला. मला सरकारी अपंगत्व पेन्शन मिळते व ही बाब मी कंपनीपासून लपवून ठेवली, वगैरे. हवालदारांनी पडल्या पडल्या सही केली. त्यांच्या बायकोने चहा पुढे केला.

"भाऊ, काय अडचण न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नियमाप्रमाणे होईल," मी म्हटलं. हे वाक्य मी नोकरीत हजारदा तरी वापरलं असेल. त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही, म्हणून ते फार सोयीचं पडतं.

आमचे मॅनेजर पुण्याचे. जबाब वाचून ते खूश झाले.

"शाब्बास. केस खलास," ते म्हणाले. "क्लेम रद्द. आठ महिन्यांचं पेमेंट परत मागू. उद्या चारला वकिलाचा माणूस येतोय, पेपर्स त्याला द्या. केस लागली की निकालापर्यंत देश सोडता यायचा नाही त्याला."

म्हणजे उत्पन्न बंद, डोक्यावर देणं, आणि गावी जायची वाटही बंद. उभं राहता न येणारा माणूस परक्या मुलखात अडकून पडणार होता. खोटं बोलला तर भोगेल, एवढंच माझ्या मनात आलं. त्या रात्री मी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी बारा वाजत आले असतील. वसईच्या बाई प्रती काढायला फाइल घेऊन गेल्या होत्या, त्या तशाच परत आल्या.

"सर, हा फॉर्म त्यांनी स्वतः भरलाय?"

"सही त्यांचीच आहे," मी म्हटलं.

"सही आहे. पण ती मराठीत आहे, सर. फॉर्म इंग्लिशमध्ये टाइप केलाय."

पोलिसाला कारकुनाने शिकवलेलं सोसत नाही, आणि मी तर मुळातच तापट. मी काहीतरी खेकसणार होतो. तेवढ्यात, काल डोळ्यांसमोर घडूनही न खटकलेली गोष्ट आता खटकली. सव्वीस वर्षांत मी शेकडो झडत्या घेतल्या. चोराने स्वतःहून ट्रंक उघडून मुद्देमाल दाखवला, असं एकदाही घडलं नव्हतं. मी फॉर्म हिसकावून घेतला. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात दोह्याच्या नजमा भागातल्या, लोकांचे फॉर्म भरून देणाऱ्या एका टायपिंगच्या दुकानाचा बारीक शिक्का होता.

साडेबाराला नजमा बंद होतं ते थेट चारला उघडतं, आणि चारला तर वकिलाचा माणूस येणार. टॅक्सीवाल्याला मी इतकी घाई लावली की तो वैतागला. उतरलो तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. टायपिस्ट केरळचा, पन्नाशीचा.

"चार बजे आना," म्हणाला आणि शेजारच्या कॅफेटेरियात शिरला.

मी त्याच्या मागोमाग आत गेलो आणि समोरची खुर्ची ओढून बसलो. परोटा आला तसा मी फॉर्म टेबलावर ठेवला.

"ये आपने टाइप किया?"

"स्टॅम्प मेरा है."

"ये पेन्शनवाला सवाल उसको पूछा था?"

त्याने सावकाश घास तोडला. "साब, एक फॉर्म को इतना टाइम किधर है. सब में नो डालता है."

"सब में?"

"यस डालेगा तो वो लोग और पेपर माँगेगा. आदमी वापस आके मेरे से झगड़ा करेगा. नो डालेगा तो फॉर्म पास." मग तो शांतपणे म्हणाला, "उसका पेन्शन मेरे को मालूम है ना. लाइफ सर्टिफिकेट हर साल मैं ही टाइप करता है."

त्या क्षणी त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं मला. तिथेच कागद काढून त्याचं म्हणणं मी इंग्रजीत लिहून घेतलं. त्याने ते दोनदा वाचलं, एक शब्द बदलायला लावला आणि मगच सही केली. लोकांच्या सह्यांवरच पोट भरणारा माणूस तो, स्वतःच्या सहीला जपून होता.

ऑफिस दुपारच्या सुट्टीला बंद झालं होतं, पण बाई घरी गेल्या नव्हत्या. आम्ही दोघं फॉर्म घेऊन बसलो आणि पहिल्यापासून एकेक प्रश्न वाचत गेलो. एकूण एकोणीस प्रश्न होते आणि सगळ्यांपुढे 'नाही' होतं. डॉक्टरांनी तपासलं का? नाही. या अपंगत्वामुळे काम थांबवलं आहे का? नाही.

बाई हसायलाच लागल्या. "सर, मग आपण आठ महिने पे कशाचं करत होतो?"

फॉर्म खरा धरायचा तर कंपनीने पहिल्या दिवसापासून पैसे द्यायलाच नको होते. नसेल धरायचा, तर त्यातला एकच 'नाही' उचलून माणसाला फासावर देता येत नाही. मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागलो. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी करारपत्र काढलं आणि वजावटीच्या कलमावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं की वजा होणारी पेन्शन त्याच अपंगत्वाबद्दलची असली पाहिजे. मग मी जबाबाबरोबर आणलेली हवालदारांच्या पेन्शनच्या हुकुमाची प्रत त्यांनी शेजारी ठेवली.

"ही कानाची पेन्शन आहे, सर. लेफ्ट इयर. तोफांच्या आवाजाने गेलाय. आपला क्लेम स्पाइनचा आहे."

मी आदल्या दिवशी पलंगाच्या डाव्या अंगाला बसलो होतो. तो माणूस वेळ काढत नव्हता, त्याला ऐकूच येत नव्हतं. आणि फॉर्मवर 'हो' लिहिलं असतं तरी त्याची दमडी कापली जाणार नव्हती. ज्या खोट्यात कवडीचा फायदा नाही, ते खोटं कुणी मुद्दाम कशाला बोलेल? केसचा पायाच ढासळला, आणि सांगायला लाज वाटते, पण मला तो केस लागल्यापेक्षाही मोठा विजय वाटला.

चारला बाईंना घेऊन मॅनेजरांच्या खोलीत गेलो तर वकिलाचा माणूस बसलेलाच होता. मी सगळं धडाधड मांडलं. मॅनेजर ऐकून घेत होते, पण फाइल सोडत नव्हते.

"हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण लपवलं असं तो स्वतः म्हणतोय ना? कबुली तुम्हीच आणलीत." मग त्यांनी माझ्या हातचा जबाब उचलून शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "'हा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' वाचून दाखवला होता ना?"

पोलिसातला प्रत्येक जबाब याच ओळीने संपतो. शिपाईसुद्धा झोपेत लिहील. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "लपवलं हा शब्द माझा आहे. ते असंल मग, एवढंच म्हणाले होते."

"हे लेखी द्याल?"

"आत्ता देतो."

उभ्या उभ्या इंग्रजीत लिहून दिलं. स्वतःचाच जबाब खोटा ठरवायची ती माझी पहिली वेळ. वकिलाच्या माणसाने ते वाचलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"फिर इसमें केस क्या है," म्हणाला आणि उठून गेला. मॅनेजरांनी क्लेम पुढे चालू ठेवायचा शेरा मारला. पूर्ण रकमेचा, वजावटीशिवाय.

दुसऱ्या दिवशी कोरा फॉर्म आणि नवा जबाब घेऊन मी अल वक्र्याला गेलो. एकोणीसच्या एकोणीस प्रश्न मराठीत सांगून उत्तरं भरली. मग जबाब पहिल्या शब्दापासून वाचून दाखवला. हवालदारांनी एके ठिकाणी थांबवलं. मी पायदळ लिहिलं होतं, त्यांनी तोफखाना करायला लावलं. मग माझ्याकडून पेन घेतलं, पण सही करायच्या आधी विचारलं.

"परवाच्यात काय लिवलं हुतं, सायेब?"

थाप मारता आली असती. पण मी सगळं सांगितलं. लपवल्याचं, रद्द होणार असलेल्या क्लेमचं, कोर्टाचं, गावी जाता न येण्याचंही. त्यांच्या बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली.

"आन् त्यावर मी सही केली हुती," हवालदार म्हणाले.

"हो."

"तुमी मराठी मानूस, पोलिसातलं. म्हून केली."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि नव्या जबाबावर सही केली. चार दिवसांनी दोघं विमानात बसली.

आपल्या सरकारी पेन्शनला खासगी विम्याची जोड कशी लागते, कुठलं कशातून वजा होतं आणि कुठलं होत नाही, हे त्या केसमध्ये मी पक्कं शिकलो, आणि पुढे किती जणांना समजावूनही सांगितलं. पण खरा धडा वेगळाच होता. नजम्यातल्या त्या टायपिस्टला मी बेफिकीर म्हणालो असतो, पण मी तरी सव्वीस वर्षं काय करत होतो? वाचून दाखवला, बरोबर आहे, ही ओळ मी किती जबाबांखाली लिहिली, ते मला सांगता यायचं नाही. त्यातले खरोखर वाचून दाखवले किती, ते मात्र सांगता येईल. एका हाताची बोटं पुरतात.