सरूबाईंचा सर्व्हिस चार्ज

रोह्याकडून पूल ओलांडून अष्टमीत उतरलं की डाव्या हाताला हैबतराव धनावड्यांचं सिमेंट-पत्र्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीला पाठ लावून त्यांचं घर. मधल्या भिंतीत एक खिडकी होती. दुपारी जेवणाची वेळ झाली की त्या खिडकीतून हैबतरावांचा आवाज यायचा, "सरू गो, दोन पानं वाढीव." कधी दोन, कधी चार. गवंडीकामाचे ठेकेदार, ट्रकचे ड्रायव्हर, कंपनीचे साहेब, उधारी मागायला आलेला एखादा अनोळखी माणूससुद्धा. हैबतरावांना गिऱ्हाईक उपाशी परत गेलेलं खपायचं नाही.

सरूबाई गागोदे बुद्रुकच्या. माहेरी भाताची शेती, वालाचा माळ आणि दहा माणसांचा स्वयंपाक. त्यामुळे अष्टमीला आल्यावर चार पानं जास्तीची वाढायला त्या कधी कचरल्या नाहीत. वालाचं बिरडं, सुकटीचं कालवण, पावसाळ्यात मिळाला तर खाडीतला जिताडा मासा. जेवून उठणारा ढेकर देऊन हैबतरावांना म्हणायचा, "शेठ, तुमच्या घरचं जेवण म्हणजे काय विचारू नका." हैबतराव खूश व्हायचे. सरूबाई आतून ताटं गोळा करायच्या. आपल्याला कुणी काही म्हटलं नाही, हे त्यांच्या ध्यानातही यायचं नाही.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा रोह्याला आणि धाटावच्या कारखान्यांकडे बांधकामांची नुसती झुंबड होती. सिमेंट कंपनीने दुकानदारांसाठी स्कीम काढली: ठरलेला माल उचलील त्याला जोडीने सिंगापूर आणि तिथून मोठ्या जहाजावर चार रात्री. हैबतरावांनी गोदाम आढ्यापर्यंत भरलं, नात्यागोत्यातल्यांच्या गळ्यात गोणी मारल्या आणि स्कीम जिंकली.

सरूबाईंनी आधी नकारच दिला. आपण गेल्यावर दुपारचं कोण बघणार? हैबतराव म्हणाले, आठवडाभर माणसांना हॉटेलात धाडू. ते काही सरूबाईंना रुचलं नाही. शेवटी मागच्या आळीतल्या धोंडुबाईंनी चूल सांभाळायचं कबूल केलं. धोंडुबाईंचे यजमान वारले होते, हाताला काम हवंच होतं. मग सरूबाईंनी पासपोर्टासाठी फोटो काढला, दोन नव्या साड्या घेतल्या आणि पेणचे पोह्याचे पापड पिशवीत तळाशी घातले. परदेशात उपाशी राहायची पाळी आली तर असावेत म्हणून.

जहाज बघून त्यांची मान अवघडली. धरमतरच्या खाडीतले मचवे आणि रेवसची लाँच, एवढीच त्यांची जहाजांची ओळख. हे तर आख्खं रोहा उचलून पाण्यावर ठेवल्यासारखं. खोलीत गेल्या तर पांढराशुभ्र बिछाना आणि त्यावर टॉवेलचा केलेला हत्ती. तो हत्ती मोडायचं त्यांच्या जिवावर आलं. अंघोळ करून त्यांनी घरून आणलेल्या पंच्यानेच अंग पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीने चादरी झटकल्या, बिछाना नीट केला, कपबश्या विसळून पालथ्या घातल्या, न्हाणीघर पुसून घेतलं. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. निळ्या कोटातला एक सावळा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस आत आला, खोली बघितली आणि दारातच उभा राहिला. इंग्रजीत काहीतरी म्हणाला. सरूबाई हैबतरावांना म्हणाल्या, "काय म्हनतोय ओ तो? काय राहिलं काय पुसायचं?"

तो माणूस एकदम मराठीत म्हणाला, "काकी, तुमी कुठल्या?"

त्याचं नाव जनू पाटील. वडखळच्या पुढे, डोलवीच्या खालच्या अंगाला खाडीकाठी त्याचं गाव. बापाची हयात मिठागरात गेली, धाकटे दोघे भाऊ डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लागले आणि हा आधी हायवेवरच्या हॉटेलात, मग मुंबईत आणि तिथून एका एजंटाला धरून जहाजावर. कोटावरच्या पट्टीवर त्याचं नाव नुसतं 'जॅन' असं लिहिलेलं. पेण-रोह्याची माणसं इतक्या दूर पाण्यावर भेटल्याचा दोघांनाही केवढा आनंद झाला! सरूबाईंनी ताबडतोब पापड काढून दिले. ते भाजणार कुठे, हा प्रश्न होता, पण जनूने कच्चाच एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिला.

जाताना तो जरा अवघडून म्हणाला, "काकी, एक सांगू? उद्यापास्ना बिछान्याला हात नका लावू. साहेब येऊन बघतो. घडी जहाजाच्या रीतीची नसली तर ती तुमची हाय की माझी, त्याला काय कळनार? बोलनी मला बसतात."

सरूबाईंनी कबूल केलं. पण दुसऱ्या दिवशी विस्कटलेला बिछाना तसाच टाकून बाहेर पडताना त्यांना उघड्यावर अंघोळ केल्यासारखं वाटलं. दोनदा परत फिरल्या. हैबतरावांनी अक्षरशः हाताला धरून नेलं.

आणि मग हळूहळू त्यांना ते आवडायला लागलं. आवडलं म्हणजे मनापासून आवडलं. टेबलाशी बसलं की कुणीतरी मांडीवर रुमाल पसरतंय, ताट आणतंय, संपलं की विचारतंय, अजून घ्याल का. लग्न झाल्यापासून आपण गरम जेवण गरम असतानाच जेवलो, असे दिवस त्यांना आठवेनात. संध्याकाळी वरच्या मजल्यावर आरामखुर्चीत बसून कुणीतरी आणून दिलेला चहा पीत त्या समुद्राकडे बघत राहिल्या. हैबतराव सोबतच्या दुकानदारांशी सिमेंटच्या भावावर बोलत होते. सरूबाईंनी चहा संपवला आणि दुसरा मागितला. मागताना त्यांना स्वतःचंच हसू आलं.

शेवटच्या दिवशी दुपारी सगळ्या खोल्यांतून हिशोबाचे कागद आले आणि एकच गलका झाला. तिकीट कंपनीने भरलेलं, जेवणखाण कंपनीने भरलेलं, पण खाली एक वेगळी रक्कम होती: सर्व्हिस चार्ज. माणशी, दर रात्रीचा. शिवाय तो या वर्षापासून वाढवलाय, अशी खाली बारीक अक्षरांत सूचना. पेणचे केरूशेठ हे त्या ताफ्यातले जुने आणि बोलके दुकानदार. ते आधीही एकदा अशा सहलीला गेले होते. त्यांचं म्हणणं, मागच्या खेपेला हा आकडा पुष्कळ कमी होता, आता हे दरवर्षी वाढवत सुटतील. त्यांनी चौकशी करून आणली की काउंटरवर जाऊन तोंडी सांगितलं की रक्कम कमी करून देतात, कुणी कारण विचारत नाही. झालं, सगळे दुकानदार जेवण आटोपून काउंटरकडे निघाले. हैबतरावही निघाले.

सरूबाई मात्र खोलीकडे वळल्या. जनू बाहेर पॅसेजमध्ये गाडी ढकलत होता. हा चार्ज कुणाला मिळतो, असं त्यांनी सरळ विचारलं. त्याने आधी टाळलं. मग त्यांनी पाठच धरली, तेव्हा बोलला. पगार म्हणून जे मिळतं ते नावापुरतं. घरी जातं ते याच्यातून. पूर्वी लोक शेवटच्या दिवशी हातात बक्षिसी द्यायचे. कुणी भरभरून द्यायचं, तर कुणी छताकडे बघत समोरून निघून जायचं. आता बिलात लावल्यामुळे सगळ्यांकडून येतं आणि तळघरात चादरी धुणाऱ्यांना, ताटं घासणाऱ्यांनाही त्यातला वाटा मिळतो; त्यांचं तोंडसुद्धा पाहुण्याला कधी दिसत नाही. पण हातात पडायचं त्याची मजा गेली, हेही त्याने सांगितलं. आणि दर वाढला की लोक रागावतात.

"वाढवते कंपनी," जनू म्हणाला, "आनि तोंड वाकडं करतात ते आमच्याकडं बघून."

तुमचंही काढलं तरी मला राग नाय काकी, असं म्हणून तो गाडी घेऊन पुढे गेला.

सरूबाई काउंटरपाशी पोचल्या तेव्हा हैबतरावांच्या पुढे दोनच माणसं उरली होती. त्यांनी नवऱ्याला बाजूला बोलावलं आणि आपल्या खोलीचं तसंच राहू द्या म्हणून सांगितलं. हैबतराव समजुतीच्या सुरात म्हणाले, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. आपल्या घरी इतकी माणसं जेवतात, आपण कधी कुणाकडून पै घेतली का? पाहुणचाराचे कुणी पैसे लावतं का?

सरूबाईंनी त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "आपल्या घरी पाहुनचार मी करते. तुमी फक्त खिडकीतून हाक मारता."

आवाज चढवला नव्हता, रागही नव्हता. एवढ्या वर्षांत हैबतरावांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि खोटंही म्हणता येत नव्हतं. मागचा दुकानदार म्हणाला, शेठ, पुढे सरका. हैबतरावांनी त्याला हाताने वाट करून दिली आणि रांगेतून बाहेर आले. त्यांच्यामागून आणखी एकदोघं बाहेर पडले, बाकीचे राहिले. केरूशेठांनी आपल्या बिलातली रक्कम कमी करून घेतली. काउंटरवरच्या मुलीने हसून नमस्कारही केला, आणि संध्याकाळी त्यांना चहा तितकाच गरम मिळाला.

परत आल्यावर एकदोन दिवस हैबतराव येणाऱ्याजाणाऱ्याला जहाजाच्या गोष्टी सांगण्यात दंग होते. तिसऱ्या दिवशी खिडकीतून नेहमीची हाक आली, तीन पानं. आतून सरूबाईंचा आवाज गेला, "सर्व्हिस चार्ज लागंल."

दुकानात हशा पिकला. हैबतरावांनाही ही थट्टाच वाटली. पण जेवणं झाल्यावर सरूबाई पदराला हात पुसत दुकानात आल्या आणि त्यांनी नीट सांगितलं. दुकानाची माणसं जेवतात, तेव्हा दुकानाने पानामागे ठरलेले पैसे घराला द्यायचे. त्यातला वाटा धोंडुबाईंचा. आपण नव्हतो तेव्हा तिने एक पान कमी पडू दिलं नाही, आता तिला परत पाठवायची नाही. हैबतरावांनी दोन दिवस विषय टाळला. मग हिशोब घालून बघितला, तर ठेकेदारांना हॉटेलात नेण्यापेक्षा ते स्वस्तच होतं. मनातून त्यांना काउंटरपाशी ऐकलेलं वाक्यही टोचत असणार. त्यांनी मान्य केलं.

खरी गंमत पुढे झाली. ही गोष्ट ठेकेदारांच्या कानावर गेली आणि ते स्वतःच पैसे पुढे करू लागले. एक जण म्हणाला, बरं झालं वहिनी, फुकट जेवताना दुसऱ्यांदा कालवण मागायची लाज वाटायची. आता तो तिसऱ्यांदाही मागू लागला. सिमेंट कंपनीचा साहेब तर उघडच बोलला की संकोच वाटायचा म्हणून आपण दुपारची वेळ चुकवून येत होतो. पानं वाढत गेली. धाटावच्या कारखान्यांतले सडे राहणारे पोरगे विचारायला लागले, आम्हाला मिळेल का जेवण, शिफ्ट सुटल्यावर येऊ. ओसरीवर दोन टेबलं आली, मग चार. धोंडुबाई भाकऱ्या थापायला, सरूबाई कालवणाला. सकाळी बाजारात मासळी घ्यायला दोघी जोडीने जायच्या, आणि कोळणी त्यांना बघून भाव चढवायच्या.

वर्ष सरलं, तांदूळ महागला, रॉकेल महागलं. सरूबाईंनी पानामागे दर वाढवला. बहुतेकांनी माना डोलावल्या, पण विशाल नावाचा एक फिटर होता, बोलण्यात फटकळ. त्याने भर जेवणात सुनावलं की आधी आम्हाला सवय लावली आणि आता कापता, हा धंदा झाला. धोंडुबाई आतून तावातावाने बाहेर आल्या. सरूबाईंनी त्यांना खुणेनेच थांबवलं. विशालला त्यांनी शांतपणे सांगितलं की व्हय, धंदाच हाय, आणि दोघींचं घर त्याच्यावर चालतं. तुला परवडत नसंल तर मला राग नाय.

विशाल उठून गेला. दुसऱ्या दिवशीही आला नाही. स्टँडजवळच्या हॉटेलात जेवतो, अशी बातमी आली. सरूबाईंना ते लागलं. रात्रीच्या पंगतीत त्याची जागा रिकामी दिसली की त्या तिथे मुद्दाम दुसऱ्या कुणाला तरी बसवायच्या. हैबतराव म्हणाले, एका गिऱ्हाइकासाठी काय एवढं? दर कमी करून टाक त्याच्यापुरता. पण ते त्यांनी केलं नाही. बाकीच्यांना काय सांगणार?

आठवडाभराने, शनिवारी दुपारी, विशाल ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. पोट धरल्यासारखं करून म्हणाला, तिकडं सोडा फार घालतात. पंगतीतली पोरं हसली. धोंडुबाईंनी आतून विचारलं, नवा दर ठाऊक हाय ना? तो म्हणाला, हाय. मग सरूबाईंनी त्याच्यापुढे ताट मांडलं, बिरडं वाढलं आणि तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी आणायला आत गेल्या.

खिडकीतून हैबतरावांनी वाकून बघितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि त्यांना भूक लागली होती. आपलं पानही आताच मांडणार का, असं त्यांनी जरा बेतानेच विचारलं. सरूबाई म्हणाल्या, या की, कोपऱ्यात जागा हाय. हैबतराव दुकानाची फळी लावून ओसरीवर आले आणि विशालच्या शेजारी बसून जेवले. जेवून झाल्यावर आपलं ताट त्यांनी स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं.