अंगठ्याचं नख

फिटरबद्दल गेटमनला खरं म्हणजे फारसं काही माहीत नव्हतं.

फिटरच्या मयतीच्या आदल्या संध्याकाळी चर्चचे फादर त्याच्या खोलीवर आले. "उद्या तुम्हीच चार शब्द बोला," ते म्हणाले. "त्यांना तुमच्याइतकं जवळून कोण ओळखणार?" गेटमनला नाही म्हणता आलं नाही. फादर गेल्यावर त्यानं कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, पालथं घातलं आणि डाव्या हातानं लिहायला बसला. तासाभरात चार ओळी झाल्या. फिटरला चहात साखर जास्त लागायची. बुटाची डावी नाडी त्याला कधी नीट बांधता आली नाही. शिट्टी येत नव्हती तरी वाजवायचा. लग्न केलं नाही. का, ते विचारायचं राहून गेलं.

एकोणतीस वर्षांच्या ओळखीचा एवढाच ऐवज. पाचवी ओळ त्याला पाठ होती, पण ती लिहायला हात धजत नव्हता.

हात म्हणजे डावाच. उजवा कोपराच्या वरून गेलेला, आणि तो कसा गेला हे सगळ्या वस्तीला तोंडपाठ होतं. कागदाच्या कारखान्यात रद्दी भिजवून तिचा लगदा करायचा एक मोठा गोल हौद होता. त्याच्या तळाशी पाती फिरत. रद्दीबरोबर आलेली तार पात्यांत अडकली की यंत्र बंद करायचं, खालच्या झडपेतून हात आत घालायचा आणि तार ओढून काढायची. बटण मात्र वरच्या माळ्यावर. खालचा माणूस वरून दिसत नसे. म्हणून प्रत्येकाला पितळेचं एकेक कुलूप दिलेलं होतं, त्याला नंबराचा बिल्ला. काम करणाऱ्यानं आपलं कुलूप बटणाच्या दांड्यात अडकवायचं आणि खाली जायचं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. आणि यंत्र सुरू करण्याआधी खाली तोंड करून तीन हाका मारायच्या. नियम एवढे दोनच.

वस्तीची गोष्ट अशी, की गेटमननं रीतसर कुलूप लावलं होतं; फिटरनं बिल्ला न पाहता ते काढलं आणि यंत्र चालू केलं. त्या खेपेची कुलुपं इतकी भिकार होती की एका किल्लीनं चार उघडायची, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. त्या सकाळी गेटमनचं कुलूप घरी, दुसऱ्या पँटच्या खिशात राहिलं होतं. दहा मिनिटांचं तर काम, म्हणून त्यानं फिटरच्या खुंटीवरचं फिटरचं कुलूप काढून दांड्यात अडकवलं. नुसतं दाबलं की ते बंद व्हायचं. फिटर आला की त्याच्याकडून किल्ली घेऊ, असा हिशेब. फिटर आला. दांड्यात त्याला स्वतःचं कुलूप दिसलं. काल काढायचं विसरलो वाटतं, असं म्हणून त्यानं ते काढलं आणि बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात चौकशीचे साहेब आले. फिटर पलंगाच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभा होता.

"कुलूप लावलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"स्वतःचं?"

घरी बायको होती. नियम मोडून जखमी झालेल्याला कारखाना दारातही उभा करत नसे, हे गेटमनला माहीत होतं. "हो," तो म्हणाला.

साहेब फिटरकडे वळले. फिटरनं एकदा पलंगाकडे पाहिलं, चादर जिथं सपाट झाली होती तिथं. मग म्हणाला, "होय साहेब. कुलूप त्याचंच. बघण्यात माझी चूक झाली."

गेटमनला फाटकावरची कायमची नोकरी मिळाली, आणि त्याचं नाव पुसून तो गेटमन झाला. फिटरच्या हातातला पाना गेला. पुढची अठरा वर्षं तो आवारात रद्दीचे गठ्ठे लावत राहिला, पण लोक त्याला फिटरच म्हणत. त्या नावात कुचेष्टा होती हे सगळ्यांना कळत होतं, त्यालाही. येता-जाता फाटकातून दोघांची गाठ पडे. एक मान हलवी, दुसरा मान हलवी. एवढंच.

मग गेटमनची बायको गेली. माणूस गेल्यावर काय काय अडतं, ते आधी कळत नाही. एका हातानं बटण लावता येतं, भाकरीचा तुकडा मोडता येतो. पण त्याच हाताची नखं त्याच हातानं कापता येत नाहीत. गेटमन ती फाटकाच्या खडबडीत दगडी खांबावर घासायचा. एकदा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेची खूण घेऊन कामावर आलेल्या फिटरनं ते पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी नेलकटर घेऊन दारात हजर.

"उपवासकाळात काहीतरी सोडायचं म्हणतात," तो म्हणाला. "माझ्याकडे सोडण्यासारखं काही नाही. म्हटलं, काहीतरी धरावं. हात दे."

ईस्टर झाला, तरी पुढच्या शुक्रवारी फिटर आला.

"तुझा उपवासकाळ संपला की नाही?" गेटमननं विचारलं.

"तुझी नखं वाढायची थांबली की संपेल."

असे अकरा वर्षं शुक्रवार. आधी कोमट पाण्याच्या वाडग्यात बोटं भिजवायची, मग फिटर स्टुलावर बसून एकेक बोट धरायचा. पानाच धरल्यासारखा. बोलणं हवेचं, गुडघ्यांचं, पाण्याच्या नळाचं. कुलपाचं कधीच नाही. घरी फिटरची थोरली बहीण होती, अक्का. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "स्वतःचं कुलूप ओळखता आलं नाही, निघाला दुसऱ्याची नखं कापायला!" तो निघाला की ती आपल्या दारातून ओरडायची. "आंधळ्या, बघून काप हो. उरलाय एकच हात बिचाऱ्याचा!" हे सगळ्या गल्लीला ऐकू जाई. फिटर हसायचा. गेटमनला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई.

सगळ्यात वाईट म्हणजे लोक त्याला मोठ्या मनाचा म्हणत. ज्यानं हात घेतला त्याच्याच हाती उरलेला हात देतो, केवढी ही क्षमा! दर उपवासकाळात तो पापनिवेदनाला फादरांसमोरच्या जाळीशी गुडघे टेकायचा. राग आला, रविवारची मिस्सा चुकली, शेजाऱ्याचा हेवा केला, सगळं सांगायचा. इस्पितळातला तो 'हो' तेवढा घशाशी येऊन परत जायचा. क्षमा घेतल्यावर जास्त जड होऊन बाहेर पडणारा त्या रांगेत तो एकटाच असावा. गुड फ्रायडेला पेत्रानं येशूला ओळखायला नाकारलं ते वाचन आलं की तो खाली बघे. पेत्र तीनदा नाही म्हणाला. पण कोंबडा आरवल्याबरोबर बाहेर जाऊन रडला तरी. आपण एकदाच 'हो' म्हणालो, आणि बावीस वर्षं कोंबडे आरवतायत.

यंदा नवे फादर आले होते. उत्साही माणूस. उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी प्रवचनात ते म्हणाले, "देवाची दया कशी असते हे पुस्तकात शोधू नका. आपल्यातच एक गृहस्थ आहेत..." आणि सगळं चर्च मागच्या बाकाकडे वळलं. फिटरही त्याच बाकावर, चार माणसं सोडून बसला होता. तोही वळला, आणि इतरांबरोबर त्यानंही कौतुकानं मान डोलावली. ती मान गेटमनच्या जिव्हारी लागली. आता गुड फ्रायडेच्या आत बोलायचंच, त्यानं ठरवलं. आधी त्याच्याशी, मग सगळ्यांसमोर.

पुढचे दोन शुक्रवार दातखीळ बसली. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी फिटर आला तो भिंतीला धरत आला. रद्दीच्या धुळीनं त्याची छाती कधीच गेली होती. आता तिच्यातून भाता फुंकल्यासारखा आवाज येत होता. चष्मा विसरला होता. करंगळी झाली, तिच्या शेजारचं बोट झालं.

"फिटर, ऐक ना. ते कुलूप..."

"हलू नकोस. लागेल."

"त्या दिवशी तुझ्या खुंटीवरून मी..."

फिटरनं नेलकटर थांबवलं, पण मान वर केली नाही. "बिल्ल्यावर नंबर माझा होता," तो म्हणाला. "तेवढं वाचता येतं मला."

"मग त्या दिवशी तू बोलला का नाहीस?"

"हाका कुठं मारल्या मी?" त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तो गेटमनचं बोट धरून होता. "कुलूप कुणाचंही असू दे. तीन हाका मारायच्या होत्या. एक मारली नाही. घरी जायची घाई नव्हती, काही नव्हतं. नुसतीच नाही मारली." मग म्हणाला, "मधलं बोट दे."

गेटमननं बोट दिलं. 'माफ कर' हे दोनच शब्द उरले होते. ते ओठांपर्यंत आले, पण समोरच्या माणसाला धाप लागली होती, आणि इतक्या वर्षांचं ओझं अशा वेळी त्याच्या अंगावर टाकणं बरं दिसेना. निदान तेव्हा त्यानं स्वतःला असंच समजावलं. पुढच्या शुक्रवारी म्हणू. गुड फ्रायडे आहे, त्या दिवशी शोभेलही.

फिटर मंगळवारी पहाटे झोपेतच गेला.

बुधवारी चर्चमध्ये उपवासकाळाच्या रीतीनं सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडानं झाकलेल्या होत्या. मयतीला मोजून अकरा माणसं. पुढच्या बाकावर अक्का, ताठ बसलेली. फादरांनी खूण केली तसा गेटमन उठला. कॅलेंडरचं पान उघडलं. साखरेची ओळ वाचली, नाडीची वाचली, तेव्हा कुणीतरी हसलंसुद्धा. शिट्टीची वाचली. मग पान खाली गेलं.

"कुलूप त्याचं होतं," तो म्हणाला. "माझं घरी राहिलं होतं, म्हणून मी त्याचं घेतलं. न विचारता. त्याचं कुलूप त्यानंच काढलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि त्यानं माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं. तुम्ही मला मोठ्या मनाचा म्हणता. मोठं मन त्या पेटीत आहे."

आपण फार मोठ्यानं बोललो की काय, असं त्याला वाटलं. फादर हातातल्या पुस्तकाची पानं उगाच उलटत होते. त्याला वाटत आलं होतं की हे बोलून टाकलं की छातीवरची धोंड उतरेल. तसं काही झालं नाही. नुसता परतायचा बाक फार लांब वाटला.

बाहेर अक्कानं त्याला गाठलं. त्याला वाटलं, ही आता थोबाडीत मारणार. मारावी, असंही वाटलं. पण तिचा आवाज कधी नव्हे तो खाली गेला होता.

"बावीस वर्षं मी त्याला आंधळा म्हटलं," ती म्हणाली. "रोज. ताट वाढताना म्हटलं, दिवा मालवताना म्हटलं. सोमवारीसुद्धा म्हटलं. ते आता मी कुणाजवळ परत घेऊ? सांगा ना. तुम्ही मोकळे झालात."

मी मोकळा झालो नाही, एवढं सांगावंसं वाटलं; पण तेही तिच्यासमोर स्वतःचंच रडगाणं झालं असतं. ती गेली.

गुड फ्रायडेला दुपारची उपासना आटोपून तो घरी आला. सवयीनं पाणी कोमट केलं, वाडग्यात ओतलं आणि मग आपण काय करतोय ते कळून तसाच बसून राहिला. पाणी निवलं. दार वाजलं. अक्का होती. आत येऊन तिनं नेलकटर टेबलावर आपटलं आणि स्टूल पायानं ओढलं.

"अंगठा राहिलाय म्हणत होता," ती म्हणाली. "हात द्या."

"अक्का, मला माफ..."

"ते मला जमेल की नाही, मला ठाऊक नाही. आज तर नाहीच जमणार. हात द्या म्हटलं ना."

त्यानं हात दिला. तिची पकड भावासारखी नव्हती. नख न भिजवलेलं, टणक. तिनं ते जोर लावून कापलं, आणि कडेला जरा खोल गेलं. रक्ताचा एक थेंब आला. तिनं तो पदरानं पुसला आणि नेलकटर परत न घेता निघून गेली. पुढच्या शुक्रवारी ती येईल की नाही, हे गेटमनला समजलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

ते नेलकटर टेबलावरच राहिलं. त्याच्याकडे बघत बसला की त्याला फिटर आला होता तो शेवटचा शुक्रवार आठवे. चार नखं झाल्यावर फिटरला पुढचं दिसेना, तसा तो भिंतीला धरून उठला होता.

"अंगठा राहिला," तो म्हणाला होता.

"राहू दे. पुढच्या वेळी."

"पुढचा शुक्रवार मोठा. दुपारी चर्च आहे."

"मग सकाळीच ये. आणि चष्मा विसरू नकोस."

फिटर उंबऱ्यात थांबला होता. अकरा वर्षं तो न बोलावता येत होता. 'ये' असं गेटमन त्याला पहिल्यांदाच म्हणाला होता. ते त्याच्या ध्यानात आलं की नाही, कोण जाणे. तो सुटलेल्या डाव्या नाडीकडे बघत होता.

"तू पाणी जरा गरम ठेव," तो म्हणाला. "आज गारच होतं."

"ठेवतो."