सिपोरा सोडून कुठलंही नाव मागा

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही हो. फ्रीजच्या मागे कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर दहा अंगावर येतात! माझ्याकडे साठलेत ते सगळे नावांचे. तेही मुलींच्या नावांचे, आणि तेही हिब्रू!

आधी मी कोण ते सांगते. मी हन्ना. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागकडचे. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवार आमचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी तो बंद, म्हणून गाव आम्हाला 'शनिवार तेली' म्हणायचं. घरात मराठी, प्रार्थनेला हिब्रू, आणि दिल्लीत सरकारी नोकरीला लागल्यावर बसमध्ये भांडायला हिंदी. पहिली काही वर्षं मी इथे प्रत्येकाला समजावत बसायचे, की बाबा, मी ख्रिश्चन नाही, यहुदी आहे. समोरचा मान डोलावून म्हणायचा, "अच्छा, अच्छा! पारसी!" पुढे पुढे मी 'हो' म्हणायला लागले. तेवढाच वेळ वाचतो.

मग देश उघडला. घरोघरी केबल आली, गल्लीगल्लीत पिझ्झा आला, आणि दिल्लीकरांना सुनीता-अनीता एकदम डाउनमार्केट वाटायला लागल्या. नाव फॉरेनचं हवं, शॉर्ट हवं, पण ख्रिश्चन वाटता कामा नये! असं नाव आणायचं कुठून? कुणीतरी शोध लावला, "अरे, वो अकाउंट्सवाली मॅडम हैं ना!" झालं! तेव्हापासून माझ्या टेबलाचं नावांचं दुकान झालं.

फक्त एक नाव मी दुकानात मांडलं नाही. सिपोरा. अर्थ पाखरू. ते माझ्या आईचं नाव. आई इथे दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये माझ्याजवळच गेली, आणि त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, की हे नाव सॅमसनच्या मुलीचं. सॅमसन माझा एकुलता एक धाकटा भाऊ, गुडगावला मल्टिनॅशनलमध्ये. त्याला तेव्हा मूल व्हायचं होतं, पण नाव बुक झालं होतं!

*

पहिलं गिऱ्हाईक आमचे मल्होत्रासाहेब. नात झाली होती. माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून म्हणाले, "मॅडम, ऐसा नाम दो की पूरे राजौरी गार्डन में किसी का न हो."

मी म्हटलं, "लेआ."

साहेब खूश! अर्थबिर्थ विचारायला थांबलेच नाहीत. दुसऱ्याच दिवशी कार्डं छापायला टाकली, ऑफिसात काजूकतली वाटली. सगळ्यांचं तोंड गोड झाल्यावर हळूच मला विचारतात, "वैसे मॅडम, मतलब क्या है इसका?"

खोटं बोलायची मला सवय नाही. म्हटलं, "थकलेली. दमलेली."

साहेबांच्या हातातली काजूकतली तोंडाशीच थांबली. क्षणभर विचार केला आणि तोंडात टाकली.

"कोई बात नहीं मॅडम. माँ पर गई है!"

*

मग आमच्या सोसायटीतल्या मिसेस भाटिया. वरच्या मजल्यावर राहतात. आवाज असा, की त्यांना फोनची गरजच नाही. त्यांनी टीव्हीवर कुठेतरी 'रेचल' ऐकलं होतं आणि पुतणीसाठी ते जवळजवळ पक्कं केलं होतं. माझ्याकडे आल्या त्या नुसता शिक्का मारून घ्यायला.

"बहनजी, रेचल यानी प्रिन्सेस ना?"

"नाही. मेंढी."

"भेड?" बाई सोफ्यावर बसल्या. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर जरा आशेनं विचारतात, "छोटीवाली? क्यूट?"

मी म्हटलं, "चांगली मोठी. लोकर देणारी."

बाईंचा चेहरा उजळला! "ऊन? अरे, लुधियाने में हमारे जेठजी का स्वेटरों का ही तो काम है!"

त्या मुलीचं नाव रेचलच ठेवलं. जाताजाता दारात थबकून म्हणाल्या, "कोई और अच्छा नाम छुपाके तो नहीं रखा ना, बहनजी?"

मी म्हटलं, "छे हो, सगळा माल बाहेरच आहे."

*

द्वारकेत तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि बागांमध्ये रिटायर्ड माणसं. त्यातले एक शर्माजी. सकाळी फेऱ्या मारतामारता भाषाशास्त्र! जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला, हा त्यांचा सिद्धांत. मी दिसले की त्यांचा चेहरा खुलायचा.

"दीना? दिन से आया. तामार? ताम्र से. सारा? अरे, सारा तो सारा ही हमारा है!"

मी एकदा सांगून पाहिलं, की तामार म्हणजे खजुराचं झाड, त्याचा तांब्याशी काही संबंध नाही. ते म्हणाले, "खजूर का रंग देखा है कभी?" आता यावर काय बोलणार, कपाळ!

शेवटी वैतागून म्हटलं, "अंकल, म्हणजे आमच्या सगळ्या बायकांची नावं तुमच्याकडून चोरलेली. मग परत करू का?"

शर्माजींनी डोळे मिटले. केवढं ते औदार्य! हात वर करून आशीर्वाद दिला.

"नहीं बेटी, रखो रखो. तुम भी तो अपनी ही हो."

*

पंजाब्यांना हसतेय म्हणून आपल्या लोकांनी फार खूश होऊ नका! आमच्या मराठी मंडळात एक देशपांडे वहिनी आहेत, पुण्याच्या. दर गणपतीला भेटतात आणि दर गणपतीला मला विचारतात, "अय्या, तुम्ही इतकं छान मराठी कसं हो बोलता?"

मी दर गणपतीला सांगते, "वहिनी, मला दुसरी मातृभाषाच नाही."

"तरीपण!" असं म्हणून त्या मोदक घेतात.

त्यांच्या मुलाला नोएडात मुलगी झाली. सुनेला नाओमी नाव आवडलेलं. अर्थ सुंदर आहे हो, गोड, मनाला आनंद देणारी. पण वहिनी हट्टाला पेटल्या. "आमच्या घरात अस्सल मराठी नावच हवं. तुम्ही एवढी नावं देता लोकांना, एक मराठी सुचवा ना!"

मी म्हटलं, "माझ्या आजीचं घ्या. अलिबागेत जन्मली, अलिबागेतच गेली. नऊवारी नेसली, बोंबील खाल्ले, मराठीशिवाय चकार शब्द बोलली नाही. रिबका!"

वहिनींनी नाक मुरडलं. "नको बाई. जरा मराठीतलंच सांगा. तान्या कसं वाटतं?"

*

गुडगावच्या एका बिल्डरचा माणूस तर थेट ऑफिसात आला. गळ्यात टाय, हातात मोबाइल, पायात धूळ. मोहरीच्या शेतात चार टॉवर उभे करायचे होते आणि चारींना चार बायकांची नावं द्यायची होती. "मॅडम, इंटरनॅशनल फील चाहिए. एनआरआय को अपील करना चाहिए."

मी नावं सांगत गेले, अर्थ सांगत गेले. शिरा म्हणजे गाणं, इलाना म्हणजे झाड. त्याला एकही पसंत पडेना. शेवटी कंटाळून म्हटलं, "मारा."

"मारा! वाह! छोटा है, चलेगा!"

"अहो, पण मारा म्हणजे कडू. आमच्या ग्रंथात वाळवंटातल्या एका जागेचं हे नाव आहे. तिथलं पाणी इतकं कडू, की लोकांना पिववेना."

"मतलब कौन पूछता है मॅडम? लोग लोकेशन पूछते हैं!"

टॉवर उभे राहिले. सॅमसनच्या ऑफिसातल्या एकानं तिथे फ्लॅट घेतला. आम्ही वास्तुशांतीला गेलो तर यजमान लाजत म्हणाले, "चाय नहीं पिला सकते, बोअरवेल का पानी इतना खारा है, कि दूध फट जाता है."

मी गॅलरीतून वाकून गेटवरची सोनेरी अक्षरं वाचली. त्या बिल्डरनं जन्मात एवढी एकच गोष्ट खरी लिहिली असेल!

*

आणि मग रितूला दिवस गेले. रितू म्हणजे सॅमसनची बायको, लाजपतनगरची. पोरगी गोड, पण तिला एकदा 'ट्रेंडी' शब्द आठवला की मग देवाचंही ऐकत नाही. मी गुडगावला जेवायला गेले आणि पहिल्याच घासाला आईचं नाव काढलं.

"सिपोरा?" रितूनं चमचा खाली ठेवला. "दीदी, ये तो अँटिबायोटिक का नाम लगता है! सुबह-शाम, खाने के बाद!"

मी सॅमसनकडे पाहिलं. तो डाळीकडे पाहत होता.

"ताई, खरं सांगू? शाळेत मला काय छळलंय पोरांनी, तुला माहीत आहे. बायबलातल्या सॅमसनची ताकद केसांत म्हणून केस ओढायचे माझे. माझ्या मुलीला ते नको. साधं नाव ठेवू. रिया."

"तुझे केस तसेही गेलेत!" मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. सगळी दिल्ली माझ्याकडे नावं मागायला यायची. मल्होत्रांची लेआ झाली, भाटियांची रेचल झाली, बिल्डरच्या मातीच्या ढिगाऱ्यालासुद्धा आमचं नाव मिळालं! आणि माझ्या सख्ख्या भावाला स्वतःच्या आईचं नाव नको होतं. मी ताटावरून उठले. राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त रडू.

*

मुलगीच झाली. बारसं गुडगावच्या क्लब हाउसमध्ये. पाळणा भाड्याचा, फुगे गुलाबी, केकवर इंग्रजीत भलंमोठं 'रिया'. रितू म्हणाली, "दीदी, वो कानवाला आप ही करना. फोटो अच्छा आता है."

आमच्या घरी बारशाला नाव आत्यानंच ठेवायचं. बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्रर्र' करायचं, हळूच नाव सांगायचं, आणि ती सांगत असताना बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. मी हे रितूच्या माहेरच्या बायकांना नीट समजावून सांगितलं. तीच माझी चूक! आपल्याकडे नुसतं थापटल्यासारखं करतात हो. लाजपतनगरच्या त्या मावश्या-माम्यांनी बाह्या सरसावल्या! कणीक मळून मळून तयार झालेले ते हात. मी पाळण्यात वाकले, 'कुर्रर्र' म्हटलं, आणि माझ्या पाठीत दणादण ढोल वाजायला लागला.

पण मी लवकर उठले नाही. जे सांगायचं ते पोरीच्या कानात नीट सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "रिया!"

टाळ्या झाल्या, केक कापला.

रितूची आई माझ्याकडे बघत होती. "इतनी देर कान में क्या बोल रही थीं आप?"

"आमच्यात जरा लांबलचक असतं," मी म्हटलं.

पुढे रितू परत नोकरीला लागली. शनिवारी तिला ऑफिस असायचं आणि मला सुट्टी, म्हणून रिया शनिवारी माझ्याकडे द्वारकेला. आम्ही दोघी दिवसभर काय खेळायचो, ते आमचं आम्हाला माहीत.

*

आता शेवटचा. दिल्लीत नर्सरीची ॲडमिशन म्हणजे काय, ते इथल्या आईबापांनाच विचारा. यूपीएससी सोपी! रितूनं पोरीला रंग शिकवले, आकार शिकवले, इंग्रजी कविता पाठ करून घेतल्या. गुडगावमधली सगळ्यात मोठी शाळा, एसीवाली. इंटरव्ह्यूला तिघंही गेले आणि दुपारी रितूचा मला फोन आला. ती रडत होती की हसत होती, मला कळेना.

"दीदी, आपने इसको क्या सिखाया है?"

झालं होतं असं. प्रिन्सिपलबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, सगळ्यात सोपा. "व्हॉट इज युअर नेम, बेटा?"

रियानं विचार केला आणि उलट त्यांनाच विचारलं, "कौनसा? ज़ोरवाला या कानवाला?"

रितूनं टेबलाखालून चिमटा काढला, पण प्रिन्सिपलबाईंना मजा वाटली. म्हणाल्या, "अच्छा? कानवाला बताओ."

पोरगी खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, बाईंची मान धरून खाली ओढली, त्यांच्या कानाशी 'कुर्रर्र' केलं आणि काहीतरी सांगितलं. मग वळली, त्यांच्याकडे पाठ केली आणि वाकून उभी राहिली.

"आता मार ना!"

बाईंना मराठी कळेना. पण रिया पाठ पुढे करून वाटच बघत राहिली. "मारो ना! नाम के बाद मारते हैं!"

प्रिन्सिपलबाई रितूकडे बघताहेत, की काय घर आहे हे, नाव सांगितल्यावर पोरीला मारतात! रितूला वाटलं, गेली शाळा, गेली सगळी मेहनत. तिनं पर्स उचलली.

"और सॅमसन?" मी विचारलं.

"आपका भाई!" रितूचा आवाज चिरकला. "सॅमसन उठा, टाय ठीक की, जाके बच्ची की पीठ पे हल्का सा धपाटा मारा, और प्रिन्सिपल को बोला, 'मेरी माँ का नाम है, मॅडम.'"