गार पडलेली अंडी

चौथीच्या बाईंना विज्ञानाच्या तासाची धास्ती वाटायची. त्या फळ्यावर उत्तरं लिहायच्या, मुलं उतरवून घ्यायची, आणि कुणाच्या चेहऱ्यावरची माशीही हलायची नाही. "शिकवतेस की झोपवतेस?" नवऱ्याने एकदा गमतीत विचारलं. ते बाईंना फार लागलं.

म्हणून यंदा त्यांनी वर्गातच अंडी उबवायचं ठरवलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, नाक मुरडत हो म्हणाल्या. मुलांनी थर्माकोलचं खोकं आणलं, आत बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली. मग वर्गाचा नूरच पालटला. पाळ्या लावून मुलं तापमान बघायची, अंडी फिरवायची, त्यावरून भांडायची. बॅटरीच्या उजेडात अंड्यातल्या लाल शिरा दिसल्या, तेव्हा कधी तोंड न उघडणारी एक पोरगी किंचाळली, "बाई, आत कुणीतरी हललं!"

दर शनिवारी बाई शिपायाला बजावायच्या, "मेन स्विच बंद करू नका हं." त्या शनिवारी मात्र सासूबाई न्हाणीघरात पडल्याचा फोन आला आणि बाई तशाच दवाखान्यात धावल्या. सांगायचं राहूनच गेलं.

सोमवारी खोकं उघडलं तर अंडी गारढोण. बाईंनी बल्ब लावला, एकेक अंडं तळहातांत धरून बसल्या. मुलं भोवती जमली.

"बाई, झोपलीत का ती?"

"नाही रे. मेली. माझ्या चुकीमुळे."

वर्गभर हुंदके. दुपारी एका मुलीचे वडील तावातावाने आले. "पोरगी जेवत नाही आमची! हे असलं शिकवता?"

मोठ्या बाईंनी खोकं अडगळीच्या खोलीत टाकून कुलूप लावलं. "झाली हौस?"

"मॅडम, एकदाच पुन्हा करू द्या. पाया पडते. मुलं विचारायला लागली होती हो..."

"पुस्तकातून शिकवा."

दुसऱ्या दिवशी तासाला भराभर हात वर झाले. किती वेळ गार राहिलं की पिल्लू मरतं? त्याला दुखतं का? बाईंना उत्तरं ठाऊक नव्हती. शोधायला आता काही उरलंही नव्हतं. "पुढचं पान काढा," त्या कशाबशा म्हणाल्या.

महिन्याभरात हात वर व्हायचे थांबले. पुढच्या वर्षी बाईंनी विज्ञान सोडलं, भाषा मागून घेतली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "विज्ञान शिकवायला तोंड नाही मला."