वकिलाचं तख्त

होळीसाठी लाकडं चोरणं ही चोरी नव्हे, हे आमच्या घरात पक्कं ठरलेलं होतं. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. कुणाला गाडीवर सोडायला गेले तरी प्लॅटफॉर्म तिकीट काढणारे. पण लहानपणी स्टेशनमास्तरांच्या परसातलं कोंबड्यांचं खुराडं आपण होळीत घातलं, ही गोष्ट ते दर फाल्गुनात मान ताठ करून सांगत. दतिया गेटजवळच्या आमच्या गल्लीतली बुंदेली पोरंही लाकडं पळवायची, त्यामुळे या एका बाबतीत मराठी-हिंदी असा काही भेद नव्हता. खुराड्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माझ्या धाकट्या भावाने सतरावं लागल्यावर बाबांवर मात करायचं ठरवलं, आणि त्याने वकिलाचं तख्त चोरलं.

एकट्याने नाही. दुसरं टोक मी धरलं होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, एम. ए. झालेली, शाळेत मुलांना शिस्त लावून पगार घेणारी. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. खरं सांगते, इतकी मजा मला त्याआधी कधीच आली नव्हती.

आमच्या गावच्या कोर्टकचेरीत बरेचसे वकील उघड्यावर, पत्र्याच्या शेडखाली रुंद बाकासारखं लाकडी तख्त टाकून बसतात. तेच त्यांचं ऑफिस, तोच पत्ता. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण हे तख्त तीन पाय आणि चार विटा यांवर भिंतीशी टेकलेलं होतं, आणि आम्ही ते भंगार समजलो. सुट्टीची भर दुपार, चौकीदार घोरत पडलेला. भावाने भाड्याचा ठेला, म्हणजे हातगाडी, ओढला आणि तोंडाला रंग थापून, डोक्याला ओढणी गुंडाळून मी तो मागून ढकलला. संध्याकाळी होळी अशी पेटली की गल्लीतले म्हातारे कौतुकाने म्हणाले, लकड़ी अच्छी है.

अच्छी असणारच. सागवान होतं ते. तीस वर्षं एका बुजुर्ग वकिलांनी त्यावर बसून खटले लढवले होते. सकाळी राखेतून त्यांच्या नावाची पितळी पाटी निघाली, एकही अक्षर न बिघडलेली. दुपारपर्यंत पोलीस ठेलेवाल्याला घेऊन दारात. त्याने भावाला ओळखलं, मला नाही. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैं अकेला था." त्याला मुलांच्या सरकारी निरीक्षणगृहात नेलं. तीन दिवसांनी किशोर न्याय बोर्ड बसणार होतं आणि चौथ्या दिवशी त्याचा बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर होता. बोर्डाने सोडलं नाही तर वर्ष गेलं.

सणाच्या सुट्ट्या संपून कचेरी उघडली तेव्हा हातात एकच दिवस उरला होता. बाबा घरी बसून अर्ज लिहीत होते. वळणदार अक्षरात, "सेवा में श्रीमान" पासून सुरू होणारा तिसरा मसुदा. त्यात त्यांनी खुराड्याचीही कबुली दिली होती. मी तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि वकील शोधायला निघाले.

पहिल्या वकिलांनी मला बिटिया म्हणून चहा मागवला. मुलगा लहान आहे, परीक्षा आहे, हे ऐकून त्यांचे डोळे पाणावले. मग विचारलं, "चोरी किस चीज़ की?"

"तख़्त की."

"किसका?"

मी नाव सांगितलं आणि चहा यायच्या आत माझी मुलाखत संपली. दुसऱ्यांनी हात जोडले. तिसऱ्यांनी बोलता बोलता आपल्या तख्तावर दोन्ही हात घट्ट टेकले, जणू मी ठेला बाहेर उभा करून आले होते. चौथे मात्र मनापासून हळहळले. म्हणाले, "बिटिया, मर्डर होता तो लड़ लेते." पाचव्यांपर्यंत बातमी माझ्याआधीच पोहोचली होती. मी शेडमध्ये शिरले की ओळीने सगळी तोंडं फायलींत जात.

दमून मी रेकॉर्ड रूमच्या पायऱ्यांवर बसले. रडू येत होतं आणि त्या मर्डरवाल्यांची आठवण येऊन हसूही येत होतं. दोन्ही एकदम सुरू झालं. तेवढ्यात काळा कोट घातलेली, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "ज़रा सरकिए. यह मेरा चैंबर है."

ती गरौठ्याहून रोज बसने यायची. तीन वर्षं वकिली करत होती, पण तिला तख्त नव्हतं. जागा सगळ्या भरलेल्या, आणि वारशाने द्यायला घरात कुणी वकील नाही. म्हणून ती तिसऱ्या पायरीवर बसायची. मी भावाची हकीकत सांगितली तेव्हा तिला जराही राग आला नाही. तिचं काय जळलं होतं? उलट ती इतकी हसली की पाणी प्यावं लागलं. मग एकदम वकील होऊन म्हणाली, अल्पवयीन मुलाला जामीन देणं हाच नियम, नाकारणं अपवाद. मोफत वकील हा त्याचा हक्क, आणि ती स्वतः त्या सरकारी यादीत आहे. मला वाटलं तिच्या पाया पडावं. पडले नाही, पण दुसऱ्या टोकाचं सांगून टाकलं.

"यह मैंने नहीं सुना," ती म्हणाली. "आप बालिग़ हैं, आप पर सीधा केस बनेगा. कल बोर्ड में आप मुँह नहीं खोलेंगी."

बोर्ड म्हणजे एक साधी खोली, एका टेबलापलीकडे मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक. तख्तवाले वकीलसाहेबही आले होते, पांढऱ्या मिशांचे, उन्हातून चालून दमलेले. त्यांना पाहून मला पहिल्यांदा खरोखर वाईट वाटलं. आमच्या वकीलबाईंनी उभ्या उभ्या असं काही बोलून दाखवलं की मॅजिस्ट्रेट मान डोलवू लागले. काम झालंच होतं. तेवढ्यात समाजसेविका बाईंना शंका आली.

"बेटा, सागौन का तख़्त तुमने अकेले ठेले पर चढ़ाया?"

"जी."

"वह कोने वाली मेज़ उठाकर दिखाओ."

तो तीन दिवसांत वाळला होता. पण माघार घ्यायचं रक्त आमच्यात नाही. त्याने मेज मधोमध पकडून उचललं, दोन पावलं टाकली, आणि ते कलंडून त्याच्या पायावर यायला लागलं. मी तोंड अजिबात उघडलं नाही. पण पुढच्या क्षणी मेजाचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, आणि आम्ही दोघे ते सराईतासारखं खोलीच्या मधोमध धरून उभे होतो.

आमच्या वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मॅजिस्ट्रेट तख्तवाल्या वकीलसाहेबांकडे वळले. "वकील साहब, आपको कुछ कहना है?"

म्हातारबुवांनी चष्मा काढला, कोटाला पुसायला घेतला आणि तो स्वच्छ व्हायला बराच वेळ लागला. "हुज़ूर, बग़ैर चश्मे के मुझे बच्चा ही दिख रहा है," ते म्हणाले. "इम्तिहान है तो जाने दीजिए."

बाबांना हमी लिहून द्यायला बोलावलं. मुलाला ताब्यात ठेवू शकाल ना, असं विचारल्यावर त्यांनी आम्हा दोघांकडे नीट पाहिलं. आयुष्यात खोटं न लिहिलेला माणूस. "लड़के की लिख देता हूँ साहब," ते म्हणाले. "लड़की की गारंटी मैंने कभी ली नहीं."

घरी येताना टेम्पोत मी भावाला चिकटून बसले होते. त्याच्या अंगाला तिथल्या साबणाचा वास येत होता. मी म्हटलं, तू तीन दिवस तिथे एकटा, माझं नाव एकदाही घेतलं नाहीस, एवढा शूर कधी झालास रे?

तो केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसला होता. वर न बघताच म्हणाला, "ताई, तेरा नाम ले लेता तो मेरे लिए वकील कौन ढूँढता? बाबा?"

मी हसायला लागले आणि ते थांबेना. शेजारची बाई सरकून बसली. कुणीतरी वकील शोधायला मला बाहेर ठेवलं होतं आणि मी शोधेनच असं धरून तीन रात्री झोपलं होतं. माझ्यावर एवढा भरवसा त्याआधी कुणी टाकला नव्हता, आणि नंतरही नाही.