सरकत्या दाराचं गाऱ्हाणं

भांडुपच्या टेंभीपाड्यात काशीराम घाडी सरळ बोलल्याचं कुणाला आठवत नाही. गॅरेजं, वेल्डिंगचे गाळे, सुतारांची वर्कशॉपं यांना सरकते दरवाजे बसवणं हा त्याचा धंदा, आणि मालकांची फिरकी घेणं हा जोडधंदा. दोन्हीत तो वाकबगार. मालक वैतागायचे, पण दार त्याच्याकडूनच लावून घ्यायचे, कारण त्याच्या दारातून पावसाचा थेंब आत येत नसे.

फिरकीसाठी त्याचं खास हत्यार म्हणजे गाऱ्हाणं. मूळ गाव मालवणकडचं, त्यामुळे नवं दार पहिल्यांदा सरकवण्याआधी नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालायचंच. एकानं मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. दोन-तीनदा म्हटलं की माणसाचं तोंड आपोआप चालायला लागतं, मागणं काय आहे ते कानावर येईपर्यंत ‘व्हय’ निघून गेलेलं असतं. काशीरामनं हे बरोबर हेरलं होतं.

दिंडोशीच्या एका गॅरेजवाल्याला दार पायानं ढकलायची खोड होती. काशीरामनं हळूच घुसवलं, “जो कोण ह्या दाराक लाथ मारीत, तेच्या पायाक गोळो येवंदे म्हाराजा!” सगळ्यांत मोठ्यानं ‘व्हय म्हाराजा’ ओरडला तो गॅरेजवालाच. बिचारा तेव्हापासून दार दोन्ही हातांनी, जपून सरकवतो. तक्रार करायला आला तेव्हा काशीराम साळसूदपणे म्हणाला, “मी कुठं काय केलं? व्हय तू म्हणालास. देवाला दिलेला व्हय परत घेता येत नाय.”

गेल्या वर्षी माहुलला एका गोदामाचं दार बसवताना तो शिडीवरून खाली आला आणि खांदा निखळला. “पडलो नाय, जरा घाईत उतरलो,” असं तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. बायको जानकी मात्र हसली नाही. खांदा बरा होताच स्वारी पुन्हा कामावर निघाली, तेव्हा जानकीही डबा घेऊन निघाली. तेव्हापासून काशीराम वर आणि जानकी खाली शिडी धरून, अशी जोडी उपनगरभर फिरू लागली. शिडी सोडा म्हणून ती दर कामाला सांगायची. “हे शेवटचं दार,” असं तो दर कामाला सांगायचा.

यंदा आषाढात सुगंधाचा फोन आला. सुगंधा म्हणजे जानकीची धाकटी बहीण. पाड्यातच तिची गणपतीची शाळा आहे. कोकणात मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. शाळेचं जुनं शटर गंजून अडकलं होतं आणि आत शाडूच्या कच्च्या मूर्ती वाळत होत्या. पाण्याचा शिंतोडा लागला तरी त्यांची माती व्हायची. काशीराम चाळीत सांगत सुटला, “चाललो शाळेत. मेव्हणी मास्तरीण आहे, छडी खाऊन येतो.”

दार त्यानं झकास बसवलं. रूळ भिंतीला पक्का, दार दोन्ही बाजूंना भिंतीवर वीतभर जास्त, कडांना रबर, रुळावर आडोशाला वाकवलेला पत्रा. नारळ हातात घेतला तशी सुगंधा पुढे झाली.

“भावोजी, शाळा माझी, मूर्ती माझ्या. गाऱ्हाणं मी घालणार.”

“घाल गो. चुकलीस तर सांगेन.” काशीराम खुशीत होता.

सुगंधानं डोळे मिटले. “बा गणपती म्हाराजा, बा रवळनाथा म्हाराजा, आज शाळेक नवा दार लागला, ता गोड मानून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“वारो-पाऊस भायर रवांदे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जेणा ह्या दार लायला त्या माझ्या भावोजींका उदंड आयुष्य दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे तर त्यानं छाती काढून म्हटलं.

“आणि आजपासून भावोजी शिडयेर पाय ठेवचे नाय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आवाज सगळ्यांत मोठा त्याचाच होता. मग तोंड तसंच उघडं राहिलं. दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या, म्हणजे कट घरीच शिजला होता.

“ह्या फाऊल आसा!” तो ओरडला.

“व्हय तुम्ही म्हणालात,” सुगंधा म्हणाली आणि तिनं नारळ फोडला.

फसलो हे कळत होतं, पण राग येईना. आपलीच शाळा इतकी बेमालूम घेतल्याचं त्याला उलट कौतुकच वाटलं. सुगंधा दाराजवळच्या मूर्ती मागे सरकवून आत उभी राहिली. पुटपुटत त्यानं पाइप घेतला आणि बंद दारावर पाण्याचा मारा सुरू केला. दाराला अशी आंघोळ घातल्याशिवाय तो काम सोडत नसे.

“भावोजी, गळतंय! वरच्या डाव्या कोपऱ्यात!” सुगंधा आतून ओरडली.

काशीरामचा पाय सवयीनं शिडीवर गेला.

“म्हाराजा...” जानकी एवढंच म्हणाली.

पाय खाली आला. आभाळ तर भरून आलेलं. कुणी काही ठरवायच्या आत जानकीनं पदर खोचला, फटी बुजवायची सिलिकॉनची गन उचलली आणि ती शिडी चढू लागली.

“जानके, उतर गो! वाट लागेल!”

“धरा नीट. कुठं लावू ते सांगा.”

त्यानं दोन्ही हातांनी शिडी आवळली. “आधी फडक्यानं पूस. ओल्यावर धरत नाय. पत्रा भिंतीला टेकतो तिथं लाव. हळू... वाकू नको!” शिडी जराशी हलली तशी त्यानं ती खांद्यानंही दाबून धरली. एक चावट शेरा जिभेवर आला होता, तो तिथंच विरला.

“भीती वाटते?” वरून आवाज आला.

“वाटते गो.”

“मला माहुलपासून रोज वाटते.”

तिनं शांतपणे सांधा भरला आणि ती उतरली. जमिनीवर उभी राहून पदर सारखा करू लागली, तरी त्याचे हात शिडीवरच होते.

सुगंधानं चहा केला, तोवर सिलिकॉन सुकलं. पुन्हा पाइप मारला. “नाय गळत!” सुगंधा आतून ओरडली. तेवढ्यात काशीरामचा फोन वाजला. मुलुंडच्या एका सुताराला वर्कशॉपला दार हवं होतं.

“लावून देतो,” काशीराम म्हणाला. मग जानकीकडे पाठ करून, जरा हळू आवाजात, “पण वर चढायला माणूस तुमचा. मी खालून शिडी धरीन.”

जानकीनं ऐकलंच नाही असं दाखवत चहाचे कप विसळायला घेतले.